पेढीवरचा सल्ला

दुसऱ्याच्या पैशाविषयीं सल्ला देणें हा धंदा मोठा चमत्कारिक आहे. वैद्यानें चुकीचें औषध दिलें तर रोग्याचें शरीर तें चार दिवसांत बोलून दाखवितें. वकिलानें खटला बिघडविला तर निकालाच्या दिवशीं तें साऱ्या कचेरीस कळतें. परंतु पैशाच्या सल्लागाराची चूक, आणि त्याची लबाडीही, दहा-दहा वर्षें झांकून राहूं शकते. आणि ती उघडकीस येते तेव्हां सल्ला देणारा व घेणारा या दोघांपैकीं एकजण पुष्कळदां इहलोकींच नसतो. यामुळें या धंद्यास नीतीचें बंधन इतर धंद्यांपेक्षां अधिक हवें, असें सर्व काळांतील शहाण्या माणसांस वाटत आलें आहे. मात्र तें बंधन कोठून यावें, सल्लागाराच्या अंतःकरणांतून कीं त्याच्या वहीच्या पानांतून, याविषयीं एकमत कधींच झालेलें नाहीं. नागपूर शहर आणि त्याच्या भोंवतालचा मुलूख यांच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं इतकीं निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं आहेत कीं, त्यांचा थोडा मागोवा घेतल्यास वाचकांस तो निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आम्हांस आशा आहे.

हल्लीं सीताबर्डी, धरमपेठ, रामदासपेठ अशा भागांतून हिंडतांना गुंतवणुकीच्या सल्लागारांच्या पाट्या जागोजाग दृष्टीस पडतात. पाटी नवी असली तरी तिच्या मागचें काम नवें नाहीं. पूर्वीं तें सावकाराच्या ओट्यावर चाले. लेकीचें लग्न या वर्षीं उरकावें कीं पुढच्या वर्षाची वाट पाहावी, विहीर खणावी कीं बैलजोडी घ्यावी, कापूस आतांच विकावा कीं भाव चढेपर्यंत घरांत ठेवावा, हे प्रश्न घेऊन कुणबी ज्याच्याकडे जाई तो सावकारच असे. कारण पंचक्रोशींत बाजाराची खबर त्याच्यापाशीं, रोकड त्याच्यापाशीं, आणि लिहितांवाचतां येणारा माणूसही त्याच्याच पदरीं. या सल्ल्याबद्दल तो कवडी घेत नसे. पण या फुकटपणांतच सारी ग्यानबाची मेख होती. लग्न थाटानें करावें असें ज्यानें सांगावयाचें, त्यानेंच त्या लग्नासाठीं कर्ज द्यावयाचें. मग त्याच्या सांगण्याचा कल कोणीकडे झुकणार हें कळावयास ज्योतिषी नको. सल्ल्याची किंमत व्याजांत मिसळून जाई, आणि ती देणाऱ्यास कधींच वेगळी दिसत नसे.

या व्यवस्थेचें अगदीं टोंक गांठलें तें कोणा सावकारानें नव्हे, तर नागपूरच्या गादीवर बसलेल्या राजानें. दुसरा रघूजी भोसले हा प्रथमतः वाईट राज्यकर्ता नव्हता. परंतु १८०३ सालीं अडगांव येथें त्याच्या फौजेचा पराभव झाला, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत झालेल्या देवगांवच्या तहानें कटक व वऱ्हाड हे प्रांत त्याच्या हातून गेले. उत्पन्न घटलें, खर्च घटेना. तेव्हां उरलेल्या मुलखांतूनच तूट भरून काढण्याचा त्यानें चंग बांधला. सारा वाढविला, तो देण्यास रयत असमर्थ झाली म्हणजे तिला स्वतःच जबर व्याजानें कर्ज द्यावें. फौजेचा पगार थकवावा, आणि उपाशी शिपायास आपल्याच पेढीवरून, पुन्हां व्याजानेंच, रक्कम उसनी द्यावी. बाजारांतील दुकानांच्या ओळीच्या ओळी त्याच्या हिशेबीं चालत. लोकांनीं त्यास 'बडा बनिया' असें नांव ठेविलें, आणि तें इतकें रूढ झालें कीं १८७० सालीं निघालेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरांतही त्याची नोंद झाली. आमच्या मतें या नांवानें बनियांवर थोडा अन्यायच झाला. सामान्य बनिया फार झालें तर गरजवंताची वाट पाहत बसतो. येथें गरज उत्पन्न करणारा आणि गरज भागविणारा एकच होता, आणि त्याच्यावर दाद मागावी तर न्यायासनावरही तोच! १८१६ सालीं रघूजी वारला. पुढच्याच वर्षीं सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरच्या स्वातंत्र्याचें जें व्हावयाचें तें झालें. ज्या राज्यांत शिपाई आपल्याच पगाराचें व्याज भरतो, त्या राज्यासाठीं त्यानें जीव किती द्यावा, याचा विचार लढायांची वर्णनें लिहिणाऱ्यांनीं फारसा केलेला दिसत नाहीं.

परंतु एवढ्यावरून जुन्या पेढ्यांत नीति मुळींच नव्हती असें समजणें मोठी चूक होईल. इतवारींतील आणि १८२१ सालीं वसलेल्या कामठीच्या छावणींतील पेढ्या पुढें भरभराटीस आल्या. बन्सीलाल अबीरचंद यांच्यासारख्या घराण्याचा व्यवहार दूरदूरच्या शहरांशीं चाले. हा सर्व व्यवहार हुंडीच्या चिठोऱ्यावर उभा होता. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मोजावयाचे. मुदती हुंडीचे मुदत भरतांच. शाहजोग हुंडी असेल तर ती आणणारा मनुष्य खरोखरच 'शाह', म्हणजे बाजारांत पत असलेला, आहे कीं नाहीं याची खातरजमा पैसे देणाऱ्यानेंच करावयाची. भलत्याच्या हातीं पैसे गेले तर जबाबदारी त्याची. जोखमी हुंडींत तर माल सुखरूप पोंचल्यावरच पैसे देणें लागे, म्हणजे हुंडीच्या पोटांत विमाही आला. हुंडी गहाळ झाली तर तिच्याऐवजीं पैठ, पैठही हरवली तर परपैठ. या सगळ्यांस सरकारी मोहर नव्हती, पोलिसांचा धाक नव्हता. एक हुंडी नाकारली तर घराण्याची दोन पिढ्यांची अब्रू गेली, एवढाच काय तो धाक. आणि तो पुरेसा होता. दररोजची कीर्द, तिच्यावरून खतावणी, आणि दिवाळीस वहीपूजन, हा क्रम जो पाळी त्याच्या शब्दावर परमुलखांतील अनोळखी माणूस हजारों रुपये मोजी.

मग हाच सावकार कुणब्याशीं व्यवहार करतांना दुसराच मनुष्य कां होई? हुंडी नाकारणें ज्यास मरणाहून वाईट वाटे, त्यास पन्नास देऊन खतांत शंभर लिहितांना, किंवा मनोतीच्या नांवाखालीं रक्कम आधींच कापून घेऊन व्याज मात्र पुऱ्या रकमेवर लावतांना कांहींच कसें वाटत नसे? दुटप्पीपणा म्हणून हा प्रश्न सोडून देणें सोपें आहे, पण त्यानें उलगडा होत नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें कारण असें कीं, हुंडीच्या दोन्ही टोंकांस वाचतां येणारा मनुष्य होता. खताच्या एकाच टोंकास होता. पेढीची नीति ही बरोबरीच्यांची नीति होती. ज्याला आपली वही वाचतां येते, त्याच्याशीं खोटें लिहिणें अशक्य. ज्याला वाचतां येत नाहीं, त्याच्याशीं खरें लिहिणें ही केवळ कृपा. आणि कृपेवर चालणारा व्यवहार सुगीच्या दिवसांत ठीक असतो, दुष्काळांत नव्हे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून जो दंगा पसरला, त्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांनीं खतें मागून घेतलीं आणि जाळलीं. वाचतां न येणाऱ्या माणसाचें कागदाशीं दुसरें काय नातें असणार? चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला त्यांत पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोस देण्यांत आला. त्या कायद्याचीं इतर कलमें अधिक गाजलीं. आम्हांस विचाराल तर हेंच कलम सर्वांत दूरदृष्टीचें होतें.

नागपूरकडे तो कायदा नव्हता, आणि येथें गोष्टींनीं आणखीच वेगळें वळण घेतलें. भोसल्यांच्या अमदानींत मालगुजार हा सारा गोळा करणारा मक्तेदार होता. गांवाची मालकी त्याची नव्हती. १८५४ सालीं राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि त्या दशकांतील जमाबंदींत मालगुजारास मालकीहक्काची सनद मिळाली. हेतु चांगला होता. मालक झाला म्हणजे तो जमीन सुधारील अशी कल्पना. पण मालकी आली म्हणजे गहाण ठेवण्याची सोयही आली. काल ज्या मालगुजारास कोणी हजार रुपये दिले नसते, त्यास आज दहा हजार देण्यास पेढ्या तयार झाल्या. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्धानें कापसाचे भाव गगनास भिडले, १८६७ सालीं रेल्वे नागपुरास आली, आणि 'शेटजी म्हणतात, घ्या' या सल्ल्यावर पुष्कळ घराण्यांनीं वाडे बांधले, लग्नें केलीं. भाव उतरले, व्याज उतरलें नाहीं. शंभर वर्षांच्या आंत, ३१ मार्च १९५१ रोजीं, मालगुजारी कायद्यानें संपली; परंतु पुष्कळ जुन्या घरांच्या बाबतींत ती त्याच्या कितीतरी आधीं सावकाराच्या तिजोरींत संपलेली होती.

येथें एका निराळ्या सल्ल्याची हकीकत सांगितली पाहिजे, नाहीं तर नागपूरच्या पेढीवाल्यांवर आम्हीही अन्याय केल्यासारखें होईल. जमशेटजी टाटा यांनीं कापसाच्या मुलखांत गिरणी काढण्यासाठीं नागपूर निवडलें आणि जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा पसंत केली. ती भरून काढण्याच्या खर्चासाठीं ते येथल्या एका मारवाडी पेढीवाल्याकडे गेले असतां, हें म्हणजे जमिनींत सोनें पुरणें होय, अशा अर्थाचें बोलून त्यानें पैसे देण्याचें नाकारलें. १ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली. कांहीं वर्षांत तिच्या नफ्याची कीर्ति सर्वत्र झाली. तेव्हां त्याच पेढीवाल्यानें मोकळेपणानें कबूल केलें कीं, टाटांनीं सोनें पुरलें नाहीं, त्यांनीं माती पुरली आणि सोनें काढलें. ही गोष्ट सामान्यतः टाटांच्या दूरदृष्टीचें उदाहरण म्हणून सांगतात. आम्हांस ती पेढीवाल्याच्या प्रामाणिकपणाचें उदाहरण वाटते. त्याचा सल्ला साफ चुकीचा होता, पण तो खोटा नव्हता. जें मत त्यानें बोलून दाखविलें, त्याच मताप्रमाणें त्यानें आपला पैसाही आंवरून धरला. आणि मत चुकलें तेव्हां तें लपविलें नाहीं. सल्लागार चुकतो म्हणून तो अनीतिमान ठरत नाहीं. तो तुम्हांस एक सांगतो आणि स्वतः दुसऱ्याच कशावर मिळवितो, तेव्हां तो अनीतिमान ठरतो. ज्या गिरणीवरून हा संवाद झाला ती गिरणी आतां बंद होऊन वीस वर्षें उलटून गेलीं. संवाद मात्र जिवंत आहे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीनें कापसाचा भाव असा कोसळला कीं व्याज तर राहोच, सारा देण्यासही शेतकऱ्याजवळ कांहीं उरेना. त्या वेळीं मध्यप्रांत सरकारनें जें केलें त्याची आठवण आज नागपुरांतही फार थोड्यांस असावी, हें खेदाचें आहे. १९३३ सालीं येथल्या कायदे कौन्सिलानें ऋणसमझोत्याचा कायदा केला. हिंदुस्थानांत या प्रकारचा हा पहिला कायदा. पुढील दोन-तीन वर्षांत पंजाब, बंगाल, मद्रास या प्रांतांनीं त्याचें अनुकरण केलें. ऋणकोनें मंडळाकडे अर्ज करावा. मंडळानें सर्व धनकोंस बोलावून आपापल्या येण्याचा कागदोपत्रीं हिशेब मांडावयास लावावा. जें येणें मुदतींत मांडलें जाणार नाहीं तें बुडालें असें समजावें. आणि वाजवी तडजोड जो धनको हटवादीपणानें नाकारील, त्याच्याविरुद्ध मंडळानें ऋणकोस दाखला द्यावा, म्हणजे पुढें दिवाणी कोर्टांत त्या धनकोस खर्च व पुरें व्याज मिळावयाचें नाहीं. जबरदस्ती अशी कोठें नव्हती. जो सावकार एकटाच आपल्या ओट्यावर न्याय सांगत असे, त्यास चार माणसांसमोर वही उघडावी लागली, एवढेंच. पण एवढ्यानेंही पुष्कळ वह्यांचा रंग उडाला.

दुसऱ्याच वर्षीं, १९३४ सालीं, सावकारांविषयींचा कायदा झाला. यांत दामदुपटीचा जुना हिंदु नियम, म्हणजे थकलेल्या व्याजाची डिक्री मुद्दलाहून अधिक होऊं नये हा, नव्या कर्जांस लावण्यांत आला. हा नियम धर्मशास्त्रांतून आलेला असल्यानें त्याचें कौतुक बरेंच झालें. आमच्या दृष्टीनें त्या कायद्याचें हृदय मात्र दुसऱ्याच कलमांत होतें. प्रत्येक ऋणकोचें खातें सावकारानें वेगळें ठेवावें, आणि दरसाल त्या खात्याचा उतारा, वाचतां येईल अशा अक्षरांत व आपल्या सहीनें, ऋणकोकडे आपण होऊन पाठवावा. न पाठविल्यास कोर्टानें व्याज नाकारावें. १८७९ च्या कायद्यांत ऋणकोनें मागावयाचें होतें. येथें सावकारानें न मागतां द्यावयाचें. फरक लहान दिसतो, पण ज्यानें कधीं सावकाराच्या ओट्याखालीं उभें राहून कांहीं मागितलें आहे त्यास तो लहान वाटणार नाहीं. शिवाय उतारा हातीं आल्यावर ऋणको गप्प बसला, म्हणून त्यानें हिशेब मान्य केला असें होत नाहीं, हेंही कायद्यानें स्पष्ट केलें. ज्यानें हें लिहिलें त्याला खेडें माहीत होतें.

पण उतारा आला तरी तो वाचणार कोण? शाळामास्तर, पोष्टमन, नाहीं तर पुन्हां सावकाराचाच मुनीम! कायद्यानें कागदाचें दुसरें टोंक शेतकऱ्याच्या हातीं दिलें. त्या टोंकास डोळे देणें कायद्याच्या हातीं नव्हतें. समझोत्याचीं मंडळें पुढें १९३९ च्या ऋणपरिहाराच्या कायद्यानें मागें पडलीं, आणि युद्धकाळांत भाव वाढल्यानें जुनीं कर्जें आपोआप हलकीं झालीं. त्याचें श्रेय कायद्यांस द्यावें कीं युद्धास, याचा निवाडा आम्ही अर्थशास्त्र्यांवर सोंपवितों.

याच काळांत नागपुरापासून पन्नास मैलांच्या आंत, वर्ध्यास, या प्रश्नाचें अगदीं उलट टोंकाचें उत्तर देणारा एक मनुष्य राहत होता. जमनालाल बजाज हे जन्मानें व धंद्यानें याच पेढीवाल्या वर्गांतले. शेट बच्छराज यांच्या घरीं ते दत्तक गेलेले. १९०७ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, वडीलधाऱ्यांच्या पैशावरून झालेल्या एका बोलण्यानें दुखावून, या संपत्तीवर माझा हक्क नाहीं असें पत्र लिहून ते घराबाहेर पडले. समजूत पटून ते परत आले, पण पत्रांतला विचार परत गेला नाहीं. १९२० सालच्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळीं काँग्रेसचे खजिनदार झाले, आणि १९४२ च्या फेब्रुवारींत मृत्यु येईपर्यंत देशाची थैली त्यांच्या हातीं राहिली. धनवानानें आपल्या धनाचा विश्वस्त व्हावें असें आपण लिहीत असूं तेव्हां मुख्यतः हाच मनुष्य डोळ्यांपुढें असे, असें त्यांच्यामागें गांधीजींनीं लिहून ठेविलें आहे. यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र कोणा व्यापाऱ्यास मिळालेलें आम्हांस ठाऊक नाहीं. तरीही येथें एक शंका नोंदविल्यावांचून राहवत नाहीं. विश्वस्तवृत्ति हा एका माणसाचा गुण आहे. तो वारशानें किंवा नेमणुकीच्या हुकुमानें दुसऱ्यास देतां येत नाहीं. जमनालालजींसारखा मनुष्य असतां लोक वही पाहत नाहींत, आणि न पाहण्याची ती संवय त्यांच्यामागून त्या खुर्चीवर येणाऱ्यास आयती मिळते. संताच्या मागें रिकामी राहिलेली गादी हें लबाडाचें मोठें भांडवल असतें, हें आपल्या इकडच्या मठांच्या इतिहासावरून वाचकांस सांगावयास नकोच.

शहरी मध्यमवर्गाची पाळी यानंतर आली. मुंबईकडच्या गिरण्यांचे एजंट उत्पादनाच्या रतलामागें पाव आणा घेत, मग भागीदारांस नफा होवो वा तोटा; १९३६ च्या दुरुस्तीनें कंपनी-कायद्यानें त्यांचें वेतन निव्वळ नफ्याशीं बांधलें, आणि १९७० सालीं ती पद्धतिच बंद झाली. विमाएजंट आपल्या कमिशनांतील हिस्सा गिऱ्हाइकास परत देऊन पॉलिसी गळ्यांत मारीत. १९३८ च्या विमा-कायद्यानें त्यास मनाई केली. आपलाच पैसा आपणांस परत मिळतो यांत गुन्हा कोठला, असें तेव्हां पुष्कळांस वाटलें. गुन्हा इतकाच कीं त्या परतीच्या लोभानें गिऱ्हाईक पॉलिसी वाचीत नसे. १९६० सालीं अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि त्याच वर्षीं केरळांतील पलाई सेंट्रल बँकही; त्या धक्क्यानें १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला, प्रथम फक्त पंधराशें रुपयांपर्यंत. म्हणजे आज बँकेंत ठेव ठेवणाऱ्या साऱ्या देशास जें थोडेंबहुत संरक्षण आहे, त्याच्या पायांत वऱ्हाडांतल्या ठेवीदारांचे अश्रू आहेत.

इतक्या अनुभवानंतर नागपूर तरी शहाणें व्हावयास हवें होतें. परंतु या शतकाच्या आरंभींच येथल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचें जें प्रकरण झालें, त्यानें सर्व जुने धडे एकदम ताजे केले. २००१-०२ च्या सुमारास बँकेनें आपला पैसा सरकारी कर्जरोख्यांत गुंतविण्याचें ठरविलें. यापरतें सुरक्षित कागद देशांत नाहींत. निर्णयांत वाईट असें कांहींच नव्हतें. पण रोखे थेट न घेतां होम ट्रेड व अशाच कांहीं दलाली कंपन्यांमार्फत घेण्यांत आले. बँकेनें पैसे मोजले. खरेदी झाल्याच्या चिठ्ठ्या आल्या. रोखे आलेच नाहींत. शंभर कोटींहून अधिक रक्कम अडकली. वर्धा आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या बँकाही त्याच होम ट्रेडच्या जाळ्यांत सांपडल्या. २००२ सालीं गुन्हे दाखल झाले. नागपूरच्या न्यायालयाचा निकाल लागला तो २२ डिसेंबर २०२३ रोजीं. बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जण दोषी ठरले, आणि त्यावर अपीलेंही झालीं. त्या अपीलांचा विषय न्यायालयाचा आहे. आम्ही त्यांत शिरत नाहीं. आमचें लक्ष जातें तें मधल्या एकवीस वर्षांकडे. ज्या शेतकऱ्यांच्या पीककर्जासाठीं ही बँक होती, त्यांतले कित्येक सभासद या मुदतींत म्हातारे झाले, कित्येक वारले. २०१२ सालीं नागपूर, वर्धा व बुलढाणा येथील जिल्हा बँकांस नव्या ठेवी घेण्याचीही मनाई झाली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला तो शेतकऱ्यास सावकाराच्या ओट्यावरून उठविण्यासाठीं. शंभर वर्षांनीं शेतकरी पुन्हां त्याच ओट्याकडे वळला.

येथें कोणास वाचतां येत नव्हतें? सुप्यांतला शेतकरी निरक्षर होता, त्याला क्षमा आहे. बँकेंत संचालक होते, हिशेबनीस होते, तपासनीस होते. रोखा कोठें आहे, हा एक प्रश्न खरेदीच्या दुसऱ्या दिवशीं टेबलावर यावयास हवा होता. शाहजोग हुंडी वटविणारा इतवारींतला जुना मुनीम, चिठ्ठी पाहून भागत नाहीं, माणूस व माल पाहिला पाहिजे, हें शिकण्यासाठीं कोणत्या शाळेंत गेला नव्हता. दलालाला दलाली मिळणार ती व्यवहार झाला म्हणून. तो व्यवहार बँकेच्या हिताचा आहे कीं नाहीं, एवढेंच काय, तो खरोखर झाला कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्याला कोणी वेतन देत नव्हतें.

हा भेद आतां कायद्यानें मान्य केला आहे, पण किती उशिरा! म्युच्युअल फंडांत पैसा घालतांना दारांतच कापला जाणारा विक्रेत्याचा हिस्सा १ ऑगस्ट २००९ पासून बंद झाला. १ जानेवारी २०१३ पासून मध्यस्थाशिवाय थेट पैसा गुंतविण्याची सोय झाली. त्याच महिन्यांत 'सेबी'नें गुंतवणूक-सल्लागारांचे नियम जाहीर केले. सल्लागारानें गिऱ्हाइकाचा विश्वस्त म्हणून वागावें, आपला कोठें हितसंबंध असेल तर तो आधीं उघड करावा, असें त्यांत आहे. आणि २०२० च्या दुरुस्तीनें, ज्या कुटुंबाकडून सल्ल्याची फी घ्यावयाची, त्याच कुटुंबास फंड विकून कमिशन घ्यावयाचें नाहीं, असें बंधन आलें. बडा बनिया ज्या दोन खुर्च्यांवर एकदम बसला होता, त्या खुर्च्यांमध्यें भिंत घालावयास दोनशें वर्षें लागलीं.

आमच्या ओळखीच्या पुष्कळ सुशिक्षित घरांत मात्र या भिंतीचें फारसें स्वागत झालेलें दिसत नाहीं. डॉक्टरास दहा मिनिटांचे हजार रुपये बिनबोभाट देणारा गृहस्थ, मुलीच्या शिक्षणासाठीं पंधरा वर्षें सांठविलेल्या पुंजीविषयीं सल्ला घेतांना फीचें नांव निघतांच उठून जातो, आणि 'आम्ही कांहीं घेत नाहीं' असें म्हणणाऱ्याकडे जाऊन बसतो. तो घेत नाहीं, हें खरें. त्याला दुसरा कोणी देतो. तो किती देतो हेंही आतां गुप्त नाहीं. ऑक्टोबर २०१६ पासून गुंतवणूकदारांस दर सहा महिन्यांनीं जें विवरणपत्र येतें, त्यांत मध्यस्थास त्याच्या गुंतवणुकीवर मिळालेलें कमिशन रुपयांत छापलेलें असतें. १९३४ च्या कायद्यांतल्या उताऱ्याप्रमाणेंच हेंही न मागतां पाठवावयाचें आहे, आणि वाचतां येईल अशा अक्षरांत असतें. नागपूरच्या किती घरांत तें उघडलें जातें याचा अदमास वाचकांनींच आपापल्या घरावरून करावा.